प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारानंतर लघवी गळते? घरी काय करायचं, पॅड कोणते घ्यायचे, नागपुरात कुठे दाखवायचं

नागपूर : ऑपरेशन चांगलं झालं, गाठ निघाली, रिपोर्टही बरा आला. घरी येऊन आठ-दहा दिवसांनी कॅथेटर काढलं आणि त्याच दिवसापासून चड्डी ओली व्हायला लागली. खोकला आला की थेंब, खाटेवरून उठलं की थेंब, गाडीला किक मारली की सरळ धार. प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बहुतेक पुरुषांना सुरुवातीचे काही दिवस ते काही महिने हा त्रास होतो. पण याबद्दल पारावर कुणी बोलत नाही. काटोल-नरखेडकडचा संत्रावाला असो की कुही-मौद्याकडचा धानवाला, माणूस लग्नाला जाणं सोडतो, एसटीत बसणं सोडतो, भजनाला जाणं सोडतो. पाणी पिणंही कमी करतो. घरचे समजतात, कॅन्सरच्या धास्तीनं खचला.

या त्रासावर इलाज आहे. बराचसा घरीच होतो आणि त्याला पैसाही फार लागत नाही. मात्र कोणती गळती चालण्यासारखी आणि कोणती धोक्याची, हे कळलं पाहिजे.

गळतं कशामुळे?

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी लघवीच्या पिशवीच्या खाली असते आणि लघवीचा मार्ग तिच्या मधून जातो. लघवी अडवून धरायला पुरुषाच्या शरीरात दोन झडपा असतात. एक पिशवीच्या तोंडाशी, दुसरी प्रोस्टेटच्या खाली. पहिली आपोआप चालते, दुसरी आपण आवळून धरू शकतो. कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट काढतात तेव्हा वरच्या झडपेचा भाग सोबत जातो किंवा दुबळा होतो. सगळा भार खालच्या झडपेवर येतो. आजवर निम्मं काम करणाऱ्या या स्नायूला एका दिवसात पूर्ण काम करावं लागतं. म्हणून पोटावर जोर पडला की लघवी सुटते : खोकताना, शिंकताना, पोतं उचलताना, उकिडवं बसून उठताना.

रेडिएशन घेतलेल्यांचं वेगळं असतं. रेडिएशनला गावात ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. त्यात झडप जागेवर राहते, पण पिशवीला आतून सूज येते. घाई लागते, जळजळ होते, संडासापर्यंत पोहोचेपर्यंत कपडे भिजतात. हा त्रास उपचार चालू असताना होऊ शकतो, तसाच काही वर्षांनंतरही उद्भवू शकतो.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. वयामुळे वाढलेल्या साध्या प्रोस्टेटचं ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ आणि कॅन्सरचं ऑपरेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट आतून खरवडतात, पूर्ण काढत नाहीत. त्यानंतर कायमची गळती क्वचितच होते. त्यामुळे ‘आमच्या मामाचं झालं होतं, त्याले तर काहीच नाही झालं’ ही तुलना कामाची नाही. लघवी गळते म्हणजे कॅन्सर परत आला, असाही अर्थ नसतो. कॅन्सरवर नजर ठेवायला पीएसए ही रक्ताची तपासणी असते. ती डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला करत राहावी.

किती दिवस चालतं?

सुधारणा हळू होते, पण तिचा एक क्रम असतो. तो माहीत असला की धीर राहतो. बहुतेकांची रात्रीची गळती आधी थांबते, कारण झोपेत पोटावर जोर नसतो. मग सकाळची वेळ कोरडी जायला लागते. दुपारनंतर आणि संध्याकाळी स्नायू थकतो, म्हणून तेव्हा जास्त गळतं. चालताना, वजन उचलताना होणारी गळती सगळ्यात शेवटी थांबते. तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणांना मोठा फरक पडतो आणि वर्षभरापर्यंत सुधारणा चालू राहू शकते. वय जास्त असेल, वजन जास्त असेल, ऑपरेशननंतर शेकही द्यावा लागला असेल तर वेळ अधिक लागतो.

प्रगती मोजायला साधा उपाय आहे. दिवसाला किती पॅड किंवा कापडं बदलली, ते कॅलेंडरवर लिहून ठेवावं. आणखी नेमकं हवं असेल तर कोरडा पॅड घरच्या छोट्या डिजिटल काट्यावर तोलावा, नंतर ओला तोलावा. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर लघवी गळाली असं धरता येतं. चोवीस तासांचा हा आकडा डॉक्टरांना सांगितला तर ‘थोडी गळते’, ‘लय गळते’ यापेक्षा त्यांना शंभरपट जास्त कळतं.

स्नायूचा व्यायाम : नीट केला तरच फायदा

खालच्या झडपेला बळ देणाऱ्या व्यायामाला केगल व्यायाम म्हणतात. अर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायांसाठी तो मांडला. पुरुषांनाही तो तितकाच लागू आहे. बरेच जण तो करतात, पण चुकीचा. पोट आत ओढतात, कुल्ले आवळतात, श्वास कोंडतात आणि महिनाभरानं म्हणतात, काही फरक नाही.

आधी स्नायू ओळखावा लागतो. बंद खोलीत आरशासमोर कपडे काढून उभं राहावं. लघवीची धार मध्येच तोडतो तसं पुढून आवळावं. लिंग मुळाशी किंचित आत ओढलं गेलं आणि अंडकोष वर सरकले, तर तोच तो स्नायू. पोट, मांड्या आणि कुल्ले ढिले राहिले पाहिजेत. लघवी करताना एखाद्या वेळी धार तोडून पाहायला हरकत नाही, पण तो रोजचा व्यायाम करू नये. त्याने पिशवी नीट रिकामी व्हायची सवय बिघडते.

योगासनं करणारे म्हणतात, ही तर आपली अश्विनी मुद्रा, मूलबंध. नातं जवळचं आहे. पण अश्विनी मुद्रेत भर गुदद्वार आवळण्यावर असतो, म्हणजे मागच्या भागावर. लघवीसाठी पुढचा भाग कामाला लागला पाहिजे. म्हणून मनात ‘वारा अडव’ असं म्हणण्यापेक्षा ‘लघवी अडव, लिंग आत ओढ’ असं म्हटलेलं बरं.

सुरुवात झोपून करावी, गुडघे दुमडून. पाच अंक मोजेपर्यंत आवळायचं, तितकाच वेळ पूर्ण ढिलं सोडायचं. ढिलं सोडणंही व्यायामाचाच भाग आहे, ते चुकवू नये. असं दहा वेळा. सकाळ, दुपार, रात्र मिळून तीन खेपा. जमायला लागलं की मोजणी दहापर्यंत न्यावी. त्याच्या जोडीला झटपट आवळून सोडण्याचे दहा झटके. दोन आठवड्यांनी बसून, मग उभ्यानं, मग चालताना. जास्त करून लवकर बरं होत नाही, उलट स्नायू थकून गळती वाढते. फरक जाणवायला दीड ते तीन महिने लागतात.

खरा उपयोग व्यायामापुरता ठेवायचा नसतो. खोकला येतो असं वाटलं की खोकण्याआधी आवळायचं. खाटेवरून उठण्याआधी, पाण्याची गुंडी उचलण्याआधी, गाडीवर टांग टाकण्याआधी आवळायचं. महिनाभर मुद्दाम केलं की अंगवळणी पडतं.

कॅथेटर लावलेलं असताना हा व्यायाम करू नये. काढल्यानंतर डॉक्टरांना विचारून सुरू करावा. ऑपरेशनची तारीख अजून यायची असेल तर आधीच शिकून घ्यावा, कारण दुखत नसताना स्नायू सापडणं सोपं असतं. जमतंय की नाही याची खात्री नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. मेडिकलमध्ये भौतिकोपचार विभाग आहे. तिथे लाजायचं कारण नाही, त्यांचं ते रोजचं काम आहे.

ऑपरेशननंतरचे पहिले चार ते सहा आठवडे जड वजन, सायकल, ट्रॅक्टर आणि खडबडीत रस्त्यावरची दुचाकी टाळायची असते. पाठीवरचा फवारणी पंप भरला की अठरा-वीस किलोचा होतो. तो त्यानंतरही डॉक्टरांना विचारूनच उचलावा. बिडी-सिगारेटचा खोकला असेल तर दिवसभर पोटावर दणके बसत राहतात. बिडी सोडणं हा इथे थेट गळतीवरचा उपाय ठरतो. खर्रा चालतो असं कुणी समजू नये, एका कॅन्सरमधून सुटून दुसऱ्याला आमंत्रण देण्यासारखं आहे ते. बद्धकोष्ठही टाळावं. कुंथलं की तोच जोर खाली येतो. भाजी, भाकर, पाणी आणि गरज पडली तर इसबगोल.

पाणी तोडू नये, नागपूरच्या उन्हात तर नाहीच

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक ही आहे. पाणी कमी, तर लघवी कमी, असा हिशेब माणूस करतो. पण पाणी तोडलं की लघवी घट्ट, पिवळी आणि तिखट होते. ती पिशवीला आतून चावते, घाई वाढते, इन्फेक्शन होतं, बद्धकोष्ठ होतो. म्हणजे गळती वाढते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पाणी तोडणारा म्हातारा माणूस उष्माघाताने दवाखान्यात पोहोचू शकतो.

दिवसभरात साधारण दीड ते दोन लिटर, उन्हाळ्यात आणि शेतात काम असेल तर त्याहून जास्त, हे प्रमाण ठेवावं. किडनी किंवा हृदयाच्या रोग्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं माप पाळावं. एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा थोडं थोडं प्यावं. झोपायच्या दोन-तीन तास आधी कमी करावं आणि झोपण्यापूर्वी लघवी करून घ्यावी. लघवीचा रंग फिका पिवळा असला की पाणी पुरतं आहे असं समजावं.

चहा, कॉफी आणि दारू लघवी वाढवतात, घाईही वाढवतात. दिवसाला सहा-सात कप चहा पिणाऱ्याने दोनवर आणला तरी आठवड्यात फरक दिसतो. तर्री आणि सावजी रस्सा काहींना झोंबतो, काहींना नाही. संत्र्या-मोसंबीचं तसंच आहे. संत्र्याच्या गावात संत्रं सोडा म्हणणं बरोबर नाही. ज्याला शेक घेतल्यावर जळजळ होते त्याने आठवडाभर बंद करून पाहावं, फरक पडला नाही तर बिनधास्त खावं.

बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. ती गोळी संध्याकाळी चालू असेल तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. आपल्या मनाने बंद करू नये. शुगर वाढलेली असली तरी लघवी जास्त होते, म्हणून तीही तपासून घ्यावी.

पॅड, कापड, पिशवी : काय घ्यावं?

औषधाच्या दुकानात गेलं की बहुतेक वेळा मोठं डायपर हातात मिळतं. थेंब-थेंब गळणाऱ्याला त्याची गरज नसते. पुरुषांसाठी वाटीच्या किंवा त्रिकोणी आकाराचे छोटे पॅड येतात. ते घट्ट चड्डीत पुढच्या बाजूला चिकटवायचे असतात. तालुक्याच्या दुकानात नसतील तर मागवून मिळतात, ऑनलाइनही मिळतात. बायांचे सॅनिटरी पॅड अडीअडचणीला चालतात, पण ते रक्तासाठी बनवलेले असतात. लघवीचा झपाटा ते पटकन शोषत नाहीत आणि बाजूने गळतं. सैल हाफ चड्डीपेक्षा अंगाबरोबर बसणारी ब्रीफ घालावी, नाहीतर कोणताही पॅड जागेवर राहत नाही.

खर्चाचा हिशेब आधीच करावा. एक डायपर पस्तीस रुपयांना पडतो असं धरलं तरी दिवसाला तीन म्हणजे महिन्याला ३,१५० रुपये. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम छोटी नाही. म्हणून घरी कापडी आणि बाहेर जाताना तयार पॅड, अशी वाटणी बऱ्याच घरांना परवडते. जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या सहा-आठ पदरी घड्या शिवून घेतल्या की काम होतं. सिंथेटिक कापड घेऊ नये, ते पाणी पीत नाही. दहा-बारा घड्या असाव्यात. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. लाजेपायी खोलीत, पलंगाखाली वाळवलेलं कापड दमट राहतं आणि त्यानेच बुरशी होते. आणि एक गोष्ट, माणूस चालता-फिरता असेल तर आपल्या घड्या त्यानेच धुवाव्यात. घरातल्या बाईवर आधीच काम कमी नसतं.

रात्री किंवा लांबच्या प्रवासात जास्त गळणाऱ्यांसाठी कंडोम कॅथेटर कामाचं आहे. निरोधसारखं वरून चढवायचं, त्याची नळी पिशवीला जोडायची. ते स्वस्त असतं. त्याचे साइज मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून माप पाहूनच घ्यावं. घट्ट झालं तर सूज येते, सैल झालं तर सुटतं. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी, केस कापावेत, टोकाशी थोडी जागा सोडावी. वरून साधी चिकटपट्टी किंवा दोरा गोल गुंडाळून आवळू नये, रक्त थांबतं. दर चोवीस तासांनी काढून कातडी पाहावी. पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहिली पाहिजे. पायाला बांधायची छोटी पिशवी पायजम्याखाली दिसत नाही. ज्याची लघवी तुंबते त्याने मात्र हे वापरू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं.

लिंगावर बाहेरून लावायचा चिमटाही मिळतो. लग्न, बाजार, दोन तासांचं काम यासाठी तो चालतो. पण दर दोन तासांनी सोडून लघवी करावी लागते आणि झोपताना लावायचा नसतो. ज्यांना शुगरमुळे बधिरपणा आहे किंवा विसरायची सवय आहे त्यांच्यासाठी तो नाही. डॉक्टरांनी बसवून दाखवल्याशिवाय वापरू नये.

लघवी झाल्यावर उठलं आणि मग चार थेंब चड्डीत पडले, ही तक्रार वेगळी. मार्गात राहिलेली लघवी ती. अंडकोषाच्या मागे बोटांनी हलका दाब देत पुढे लिंगाकडे आणायचं, दोन-तीन वेळा. राहिलेले थेंब तिथेच निघून जातात. बसून निवांत लघवी केली तर पिशवीही चांगली रिकामी होते.

वापरलेला पॅड संडासात टाकला की टाकी तुंबते. नालीत, धुऱ्यावर टाकू नये. आत प्लास्टिक असतं, कुजत नाही. जाळला तर विषारी धूर. कागदात गुंडाळून वेगळा ठेवावा आणि घंटागाडीत द्यावा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही डायपर-पॅड गुंडाळूनच देण्याचं बंधन घातलं होतं. बाहेर असताना मात्र पंचाईत होते, कारण पुरुषांच्या मुतारीत कचरापेटीच नसते. जपान आणि ब्रिटनमध्ये याच रुग्णांसाठी पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचरापेट्या बसवण्याची मागणी झाली आणि बऱ्याच ठिकाणी त्या बसल्याही. आपल्या स्टँडांवर तशी सोय होईपर्यंत काळी प्लास्टिकची पिशवी सोबत ठेवावी.

जांघेची कातडी

ओलं राहिलं की जांघेत लाल चट्टे, खाज आणि बुरशी येते. पावसाळ्यात तर हमखास. पॅड भिजला की बदलावा, ‘अजून थोडा चालेल’ करू नये. साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून कोरडं करावं, घासू नये. वरून खोबरेल तेल, व्हॅसलिन किंवा झिंकचं मलम पातळ लावावं. पाण्यात डेटॉल टाकू नये. धुताना पुढची कातडी मागे घेतली तर परत पुढे आणायला विसरू नये, तशीच राहिली तर सूज येऊन अडकते.

खाज आली की दुकानातून कोणतंही ‘खाजेची ट्यूब’ आणायची सवय मोडावी. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा पसरतो आणि लवकर आटोक्यात येत नाही.

शेक घेतलेल्यांनी

इथे पिशवीला शिस्त लावावी लागते. तीन दिवस वही ठेवावी : किती वाजता लघवी केली, किती वाजता गळाली, काय प्यालं. मग घाई लागो न लागो, दर दोन तासांनी जायचं. आठवडाभर जमलं की पंधरा मिनिटं वाढवायची. असं करत तीन तासांवर आणायचं. घाईची कळ आली की धावत सुटू नये. जागेवर थांबावं किंवा बसावं, पाच-सहा वेळा झटपट आवळावं, कळ ओसरू द्यावी, मग चालत जावं. धावलं की हमखास वाटेतच होतं.

घाईसाठी गोळ्याही मिळतात. पण खोकल्याबरोबर गळणाऱ्या लघवीवर त्यांचा उपयोग नसतो. यातल्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून त्या आणू नयेत.

हे दिसलं तर थांबू नये

लघवी पूर्ण बंद झाली आणि पोट फुगलं, थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाठ दुखते आणि सोबत पायांतला जीव गेल्यासारखा वाटतो, मुंग्या येतात, संडास-लघवीचं भान राहत नाही, तर रात्र असली तरी थांबू नये. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरला तर मज्जारज्जूवर दाब येतो आणि उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

एक फसवी गळतीही असते. दिवसभर थेंब-थेंब पडतात, पण धार बारीक झालेली असते आणि जोर लावावा लागतो. माणूस समजतो झडप ढिली झाली. प्रत्यक्षात मार्ग आवळलेला असतो, पिशवी काठोकाठ भरलेली असते आणि वरचं वर सांडत असतं. यात किडनीला धोका असतो. लघवी केल्यानंतर किती उरली हे सोनोग्राफीत लगेच दिसतं.

लपवल्याने काय होतं त्याचं मोठ्या माणसाचं उदाहरण आहे. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांचं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन २२ डिसेंबर २०२३ ला झालं. १ जानेवारी २०२४ ला लघवीच्या इन्फेक्शनमुळे त्यांना पुन्हा दाखल करावं लागलं. त्यांनी हे राष्ट्राध्यक्षांनाही कळवलं नव्हतं. गदारोळ झाला आणि १ फेब्रुवारीला त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

घरात काय बोलावं?

बायकोपासून लपवता येत नाही, ती कपडे धुते, तिला आधीच माहीत असतं. मोकळं बोललेलं बरं. नवरा-बायकोच्या संबंधांवेळीही थोडी लघवी सुटू शकते. आधी लघवी करून घ्यावी, टॉवेल जवळ ठेवावा. मुलांनी आणि सुनांनी ‘वास येते’ असं चारचौघांत म्हणू नये. जेवण जात नसेल, झोप येत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं सुरू झालं तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

वर्ष झालं तरी थांबत नसेल तर

सहा महिने ते वर्षभर नीट व्यायाम करूनही दिवसाला अनेक पॅड लागत असतील तर ऑपरेशनचा विचार होतो. थोड्या ते मध्यम गळतीसाठी मूत्रमार्गाला खालून आधार देणारी पट्टी बसवतात. जास्त गळतीसाठी कृत्रिम झडप असते. मार्गाभोवती पाण्याने भरलेली कॉलर, पोटात छोटा फुगा आणि अंडकोषाच्या पिशवीत बटणासारखा पंप. लघवी करायची तेव्हा पंप दाबायचा, कॉलर ढिली होते, थोड्या वेळाने आपोआप आवळते. अमेरिकेत १९७२ मध्ये ती पहिल्यांदा बसवली गेली. अडचण किमतीची आहे, खर्च लाखांत जातो. म्हणून आधी योजनेत, विम्यात काय बसतं हे विचारूनच पुढे जावं. ही झडप बसवलेल्या माणसाने तिचं कार्ड कायम खिशात ठेवावं. ती बंद न करता कुणी कॅथेटर घातलं तर मार्गाला इजा होते, म्हणून कोणत्याही दवाखान्यात दाखल होताना हे आधी सांगावं लागतं.

नागपुरात कुठे?

ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं किंवा शेक दिला, पहिला हक्क त्यांचा. ते शक्य नसेल तर मूत्ररोग विभाग, म्हणजे युरॉलॉजी, शोधावा. मेडिकलचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आणि राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल ही दोन्ही तुकडोजी पुतळा चौकाच्या परिसरात आहेत. मिहानमध्ये एम्स आहे आणि जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. हिंगणा-बुटीबोरीकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही दूर नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि रेडिएशन बसतं. रेशन कार्ड आणि आधार लागतं, चौकशी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर होते. सत्तरी पार केलेल्यांना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं, त्याचा नंबर १४५५५. घरी रोज लागणारे पॅड मात्र खिशातूनच आणावे लागतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट.

ओपीडी सकाळी असते, त्यामुळे तालुक्यातून पहिल्या गाडीने निघावं लागतं. निघण्याआधी लघवी करून घ्यावी, गाडीत दाराजवळची बाजूची जागा धरावी. थैलीत ऑपरेशनची फाइल, बायोप्सीचा आणि पीएसएचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, लघवीची वही, दोन जादा पॅड, एक पायजमा आणि काळी पिशवी ठेवावी. आणि पाण्याची बाटली भरून घ्यावी. सोनोग्राफीला पिशवी भरलेली लागते. रिकाम्या पिशवीने पोहोचलं तर दोन तास पाणी पीत बाकावर बसून राहावं लागतं.